रविवारचं गवत

"सशांसाठी सुकं गवत मिळेल का?"

क्षमाने हे विचारलं तेव्हा पेडण्याच्या बाजारातल्या त्या पशुखाद्याच्या दुकानात तीन माणसं होती, आणि त्यांतली दोन हसली. दुकानदार सखाराम हसला, कारण इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याच्याकडे गाईसाठी, म्हशीसाठी, कोंबड्यांसाठी लोक आले होते; सशांसाठी कुणी आलं नव्हतं. त्याच्याशी गप्पा मारत बसलेला म्हातारा हसला, कारण सखाराम हसला. तिसरा मात्र हसला नाही. तो कोंड्याचं पोतं खांद्यावर घेऊन दाराकडे निघाला होता. तो थांबला, पोतं खाली ठेवलं आणि म्हणाला, "किती ससे आहेत?"

"दोन."

"आणि सध्या खातात काय?"

हाही थट्टाच करणार, असं क्षमाला वाटलं. चतुर्थी होऊन आठवडा झाला होता. बाहेर पाऊस लहरीपणा करत होता, घटकेत ऊन, घटकेत सर. तुयेच्या आरोग्य केंद्रात ती लॅब टेक्निशियन होती. सकाळपासून लोकांच्या दंडांना सुया टोचून ती तशीच बाजारात आली होती आणि हे तिचं चौथं दुकान होतं.

"हिरवं गवत, गाजर, कोथिंबीर… आणि कधी कधी पाव," ती म्हणाली. शेवटचा शब्द तिने जवळजवळ गिळलाच.

"पाव बंद करा," तो म्हणाला. "मी गाईलासुद्धा देत नाही."

सांगण्याचा सूर असा होता, की राग यायला हवा होता आणि आला नाही.

ससे तिने मुद्दाम पाळले नव्हते. हरमलला तिच्या मामाच्या खोल्या होत्या, पर्यटकांना भाड्याने दिलेल्या. तिथे सहा महिने राहिलेली एक रशियन बाई मे महिन्यात मायदेशी गेली ती दोन ससे पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून. मामा म्हणाला होता, "नेतंस तर ने, नायतर माळार सोडतंय." माळावर कुत्री होती. क्षमा खोकं स्कूटरच्या पुढ्यात ठेवून पार्स्याला घरी घेऊन आली. तपकिरी नर तो काजू, आणि फिकट पांढरी मादी ती बिबो, म्हणजे ओला काजूगर. आई, शेवंती, पहिले दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच मागच्या पडवीत फळ्या ठोकून त्यांना खुराडं करून दिलं.

पण गेल्या आठवड्यात बिबोने खाणं कमी केलं. म्हापशाचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, सशाचे दात जन्मभर वाढतात आणि आतडं सतत चालतं ठेवावं लागतं; त्याला दिवसभर चघळायला सुकं गवत हवं, बाकी सगळं चिमूटभर. तिने मोबाइलवर शोधलं. परदेशी गवताची एक पिशवी होती, किलोभराची, आणि तिची किंमत अशी, की त्या पैशांत घरात महिन्याचा तांदूळ आला असता. तीसुद्धा येणार पंधरा दिवसांनी.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "साळला. डिचोली तालुक्यातलं साळ. गेल्या नोव्हेंबरात सड्यावर, वरच्या माळावर, कापलेलं, फुलोरा यायच्या आधी. अजून हिरवं आहे."

"सुकं, आणि हिरवं?"

"चांगलं सुकवलं तर हिरवंच राहतं. पिवळं पडतं ते उशिरा कापलेलं. त्यात नुसत्या काड्या."

सखाराम आता धंद्याच्या बाजूने बोलला. "आणि ह्या गोळ्या ने. गोळी पेंड. सशांका गोळ्याच घालतत ना?"

"ती गाईची," तो तरुण म्हणाला. "त्यात युरिया असतो कधी कधी. गाईच्या पोटाला चालतं, ह्यांच्या नाही चालायचं."

क्षमाने आता त्याच्याकडे नीट पाहिलं. उन्हाने रापलेला, कोंड्याने केस पांढरे झालेले, आणि डोळे… डोळे असे, की प्रश्न विचारून झाल्यावर खरंच उत्तराची वाट पाहणारे.

"सशांचं बरंच माहीत आहे तुम्हाला. आधीच्या तीन दुकानांत कुणाला काही माहीत नव्हतं."

"सशांचं काहीच नाही. गवताचं माहीत आहे." मग त्याने नाव सांगितलं, "प्रज्योत."

"आणि गवताचा दर?"

"गाईंना जो, तोच. ससा आहे म्हणून जास्त घेणार नाही," तो म्हणाला आणि थोडं थांबून पुढे म्हणाला, "मॅडम आहेत म्हणून कमीही नाही."

ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदा.

रविवारी सकाळी तो मोटरसायकलवर मागे पोतं बांधून पार्स्याला आला. दर रविवारी तुयेच्या एका गोठ्याला चारा टाकायला यायचं असतं, वाटच आहे, असं म्हणाला. पोत्याचं तोंड सोडलं आणि पडवीत एक वास पसरला, उन्हाचा, किंचित गोड, चहाची पूड नव्या डब्यात ओतताना येतो तसा. क्षमाने मूठभर गवत खुराड्यात टाकलं. काजूने नाक हलवलं, एक काडी उचलली आणि ती त्याच्या तोंडात भराभर आत जाऊ लागली. बिबो कोपऱ्यातच होती. मग ती दोन पावलं पुढे आली. एक काडी. दुसरी.

"खाल्लं गो," शेवंती म्हणाली. तिने दाराआडून पाहिलं होतं.

प्रज्योत उकिडवा बसला होता. त्याने वर न पाहता विचारलं, "आता झोप येईल?"

"मला झोप येत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चार दुकानं फिरलेलं माणूस झोपत नसणारच."

शेवंतीने त्याला चहा दिला, नको म्हणत असताना उंडे, म्हणजे गोल कडक पाव, तेही दिले. साळच्या घराची सगळी माहिती तिने दोन उंड्यांत काढून घेतली. वडिलांचा खाणीवर ट्रक होता, खाणी बंद पडल्या आणि ट्रक दोन पावसाळे दारात गंजून शेवटी भंगारात गेला. प्रज्योत वर्षभर कारखान्यात पॅकिंगला होता. तिथून परत आला आणि गाई घेतल्या. आता सहा होत्या. सड्यावरचं गवत कापून, सुकवून तो गोठेवाल्यांना विकायचा.

"बरा दिसता," तो गेल्यावर शेवंती म्हणाली.

"गवत?"

"हां. गवतच," आई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

दुसऱ्या रविवारी तो आला. तिसऱ्याही आला. दोन सशांना एक पोतं महिनाभर पुरलं असतं. पण प्रज्योतचं म्हणणं, गवत थोडं थोडं आणि ताजं आणलेलं बरं, म्हणून तो पाव पोतंच आणायचा. क्षमाला हिशेब कळत होता. तिने तो कधी बोलून दाखवला नाही. रविवारी सकाळी ती केस धुऊन पडवीत सुकवायला बसू लागली, आणि आईने तेही बोलून दाखवलं नाही.

गोळ्यांचा प्रश्न राहिलाच होता. दुकानांत मिळत त्या रंगीबेरंगी, मक्याचे दाणे आणि बिया मिसळलेल्या. डॉक्टर म्हणाले होते, साध्या घ्या, एका रंगाच्या, गवतापासून केलेल्या. एके दिवशी दुपारी प्रज्योतचा फोन आला. दोडामार्गच्या पलीकडे निखिल नावाचा एकजण सशांची पैदास करतो, कोल्हापूरहून साध्या गोळ्यांची मोठी पोती मागवतो. "बघायला येता?"

क्षमा त्याच्या मागे बसून गेली. मध्ये एका हाताचं अंतर होतं, आणि त्या अंतरात तिने आपली पर्स ठेवली होती. वाटेत सर आली. त्याने गाडी एका काजूच्या झाडाखाली घेतली. झाड काही फारसं अडवत नव्हतं. पानांवरून थेंब तिच्या कपाळावर पडला, ओघळून नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबला.

"काय बघताय?"

"काही नाही… पडतो का बघत होतो."

ती दुसरीकडे पाहत राहिली. पण थेंब तिने पुसला नाही.

निखिलकडच्या गोळ्या खरोखर चांगल्या होत्या, मोडल्या की आत गवताचे तंतू दिसायचे, आणि पोत्याने घेतल्या तर किलोचा भाव दुकानाच्या तिसऱ्या हिश्शाने पडत होता. भाव ठरल्यावर क्षमाने सहज विचारलं, "हे एवढे ससे कुठे जातात?"

निखिल सरळ माणूस होता. "काही पाळायला. बाकीचे हॉटेलांत," तो म्हणाला.

मग ती पिंजऱ्यांकडे बघेना. परतताना प्रज्योतने दोडामार्गच्या नाक्यावर गाडी उभी केली, दोन चहा आणले, आणि समजूत वगैरे घातली नाही. इतकंच म्हणाला, "आमच्याकडे वासरू झालं की माझी आई आधी विचारते, पाडा की पाडी. पाडा म्हटलं की ती दोन दिवस गोठ्यात येत नाही. पाडा ठेवता येत नाही, विकावाच लागतो." क्षमाने मान हलवली. त्याला कळलं आहे, एवढं तिला पुरेसं होतं.

गोळ्यांचं अख्खं पोतं दोन सशांना वर्षभर संपलं नसतं. तिने आरोग्य केंद्रात, मोरजीच्या मैत्रिणींत, मामाच्या ओळखीत विचारत विचारत ससे पाळणारी पाच घरं शोधून काढली आणि पोतं वाटून घ्यायचं ठरलं. पुढच्या रविवारी दोघं पडवीत बसून पिशव्या भरत होती. तराजूचा काटा बघायला दोघांनी एकदमच मान वाकवली आणि दोघांचे केस एकमेकांना लागले. शेवंतीने आतून भांडं आपटलं. काही पडलं नव्हतं. तिने ते मुद्दाम आपटलं होतं.

ऑक्टोबर सरत आला. साळच्या माळ्यावरचं गेल्या वर्षीचं गवत संपलं, आणि नवं कापून झालं होतं, पण परतीचा पाऊस रेंगाळत होता. तरी त्या रविवारी प्रज्योत आला, नेहमीसारखा पाव पोतं घेऊन. "नवं आहे," म्हणाला. वरचं गवत छान हिरवं होतं. त्या दिवशी तो फारसा थांबला नाही, हे मात्र क्षमाच्या लक्षात आलं.

बुधवारी सकाळी काजू उठला नाही. म्हणजे जागा होता, पण पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. पोट टम्म होतं. खुराड्यात रात्रभरात एकही लेंडी नव्हती. क्षमा त्याला टॉवेलात गुंडाळून म्हापशाला घेऊन गेली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सिरिंजने पातळ खाणं आणि औषध भरवायला शिकवलं. आतड्यांची हालचाल थांबली आहे, दोन दिवस कठीण आहेत, म्हणाले. आणि त्यांनी विचारलं, "खाण्यात काही बदल झाला?"

ती घरी आली आणि खुराडं साफ करताना तिला फळीच्या फटीत पावाचा तुकडा सापडला.

तिने प्रज्योतला दोन शब्द पाठवले होते: 'काजू आजारी.' गुरुवारी तो कामाचा दिवस सोडून आला. दारातून आत आला तेव्हा क्षमा काजूला मांडीवर घेऊन बसली होती, आणि शेवंती चुलीकडे तोंड करून उभी होती. तिचे डोळे लाल होते.

"किती वेळा सांगितलं होतं," क्षमा आईला म्हणत होती. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "पाव देऊ नको म्हणून. किती वेळा, आई."

"इवलोसो दिलेलो गो. तो माझ्याकडे बघत होतो म्हणान…" शेवंतीने पदराने नाक पुसलं. "माझ्याच हातान झाला."

प्रज्योत पडवीच्या कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेला, दंडापर्यंत हात आत घातला आणि अगदी तळाचं मूठभर गवत वर काढलं. त्याने ते नाकाशी धरलं. पोत्याचं तोंड पुन्हा बांधून टाकणं अगदी सोपं होतं. पोत्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

"काकी," तो म्हणाला, "तुमच्या पावाने नाही झालं. ह्या गवताने झालं."

दोघी त्याच्याकडे पाहू लागल्या. त्याने मूठ उघडली. गवत एकमेकाला चिकटलं होतं, आणि मध्ये पांढरी बुरशी होती, वरपर्यंत चढत आलेली.

"शनिवारी दुपारी सर आली. रविवारी सकाळी मी चाचपलं तेव्हा दमट होतं. जे सुकलं होतं ते वर भरलं. मला माहीत होतं. वाटलं, तुम्ही वरचं वापरेपर्यंत खालचं सुकेल. पण माहीत होतं."

क्षमाने काजूवरचा हात हलवला नाही.

"तुला माहीत होतं?"

इतक्या दिवसांत ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती, आणि हे असं.

"हो."

"माहीत असून आणलंस. एक दिवस थांबला असतास तर काय झालं असतं?"

जे कारण होतं ते त्या वेळी, त्या आजारी जिवासमोर सांगायला त्याला लाज वाटली.

"जा तू," क्षमा म्हणाली.

त्याने पोतं उचललं, खाली सांडलेल्या काड्यासुद्धा एक एक वेचून घेतल्या, आणि गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत दोघी मायलेकी तशाच होत्या. मग क्षमाने काजूला खाली ठेवलं, आईजवळ गेली आणि तिच्या पाठीवर डोकं टेकलं.

"चुकले मी, आई."

"असूं दे." शेवंतीने मागे हात नेऊन तिच्या गालावर ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तो गप रवलो असतो तर कोणाक कळला नसता. माझ्यार आळ तसोच रवलो असतो."

"म्हणून काय झालं?"

"काय नाय. मी आपला म्हटलंय."

शनिवारी सकाळी खुराड्यात तीन लेंड्या पडल्या. बारीक, वेड्यावाकड्या, पण तीन. आजवर लोकांचे हजारो नमुने नाकाला मास्क लावून तपासलेल्या क्षमाने त्या तीन लेंड्यांकडे पाहून पडवीतच बसकण मारली आणि रडून घेतलं. दुपारपर्यंत काजूने आपणहून कोथिंबिरीची काडी ओढली. तिने मोबाइल हातात घेतला, 'बरा आहे' लिहिलं, पाठवलं. पलीकडून उत्तर आलं, 'बरं वाटलं.' आणखी काही नाही.

तो रविवार गेला. पुढचाही. केस तिने आता शनिवारीच धुतले.

त्या आठवड्यात सखारामाने तिला बाजारात हाक मारली. तिच्या नावाने एक पोतं ठेवून गेलंय कुणीतरी, म्हणाला, आणि कोण ते सांगायच्या भानगडीत पडला नाही. पोत्याच्या दोरीला चिठ्ठी बांधली होती. 'गेल्या वर्षीचं थोडं माझ्या गाभण गाईसाठी बाजूला ठेवलं होतं. तेच आहे. तळापर्यंत हात घालून बघा, मगच घाला.' बघा. घाला. तो अजून 'तुम्ही'वरच, अंगणाबाहेर उभा राहिल्यासारखा.

तिने हात घातला. खांद्यापर्यंत. तळाचं गवत वरच्यासारखंच कोरडं होतं, कुरकुरीत, गोड वासाचं. ती दुकानाच्या पायरीवर पोत्यात हात घालून किती वेळ बसली कोण जाणे. सखाराम म्हणाला, "वायट आसा काय?" ती म्हणाली, "नाही. चांगलं आहे. फार चांगलं आहे."

नोव्हेंबरातल्या पहिल्या कोरड्या रविवारी क्षमाने स्कूटर काढली. शेवंतीने विचारलं, "खंय?" ती म्हणाली, "गवत बघून येते." शेवंतीने डब्यात उंडे भरून दिले, नेहमीपेक्षा बरेच जास्त, आणि कुणासाठी ते विचारलं नाही, सांगितलंही नाही.

साळला पोचून तिने घर विचारलं. घरी त्याची आई होती. तिने सड्याकडे बोट दाखवलं. वर मोकळ्या माळावर कापलेलं गवत पातळ पसरलं होतं, आणि प्रज्योत हातात दाताळं घेऊन ते उलटत होता, पाठमोरा. ऊन स्वच्छ होतं. वारा गवतावरून यायचा तेव्हा तो वासही घेऊन यायचा.

तिची चाहूल लागून तो वळला. तिने बाजूला पडलेलं दुसरं दाताळं उचललं.

"कसं उलटायचं?"

"हलक्या हाताने. पानं मोडता कामा नयेत… पानातच सगळं असतं."

ती उलटू लागली. पहिल्या खेपेला तिने अर्धं गवत स्वतःच्या पायांवर ओढून घेतलं. तो हसला नाही. जवळ येऊन दाताळ्याची मूठ तिच्या हातात थोडी सरळ केली आणि पुन्हा आपल्या ओळीत गेला. दोघं शेजारच्या दोन ओळींत पुढे सरकत राहिली. खाली दरीत कुठेतरी नदी होती, दिसत नव्हती, ऐकू यायची.

"काजू?" त्याने विचारलं.

"खातोय. आईला बघून दोन पायांवर उभा राहतो."

"काकींना…"

"ती तुझीच बाजू घेते. रोज."

पुन्हा ओळी. मग क्षमा थांबली. दाताळं उभं धरून तिने त्यावर हनुवटी टेकली.

"मी तेव्हा एक विचारलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस."

"काय?"

"एक दिवस थांबला असतास तर काय झालं असतं?"

प्रज्योतने गवताची एक काडी उचलली, बोटांवर मोडून पाहिली. तट्‌कन मोडली, सुकली होती.

"रविवार गेला असता," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुयेच्या गोठ्याचं काम त्याच्या महिनाभर आधीच सुटलं होतं. त्यांनी गाई विकल्या." तो तिच्याकडे बघत नव्हता, काडीकडे बघत होता. "मला पार्स्याला यायला दुसरं काही काम नव्हतं. गवत नाही तर… काय सांगून येणार होतो? आणि मला तुला बघायचं होतं. बस्स, तेवढंच. तेवढ्यासाठी मी ते ओलं गवत भरलं. काजू गेला असता तर मी स्वतःला…" तो थांबला. "हे त्या दिवशी सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर ते निमित्त दिल्यासारखं झालं असतं."

वारा पडला होता. क्षमाचे डोळे भरून आले होते, आणि तरी तिला हसू येत होतं. दोन्ही एकदम आवरणं तिला जमेना.

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. "तुयेचा तो गोठेवाला आमच्या केंद्रात साखर तपासायला येतो. गाई विकल्या त्याच आठवड्यात त्याने मला सांगितलं होतं."

त्याने मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू आला नसतास." तिने दाताळं गवतावर आडवं ठेवलं आणि त्याच्या ओळीत आली. "प्रज्योत, आमच्या घरी यायला गवत लागत नाही. नुसतं यायचं. रिकाम्या हाताने."

त्याच्या हातातली काडी गळून पडली आणि त्या हाताचं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून क्षमानेच तो आपल्या हातात घेतला. गवत कापून कापून तळवा खरखरीत झाला होता, आणि उन्हाने गरम होता. खालून त्याच्या आईने जेवायला हाक मारली. दोघांनी ऐकली. दुसरी हाक येईपर्यंत कुणी हललं नाही.

पुढच्या रविवारी पार्स्याच्या अंगणात मोटरसायकल थांबली. शेवंती तांदूळ निवडत बसली होती. तिने आधी गाडीच्या मागे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. प्रज्योत अंगणात अवघडून उभा होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला, केसांत एक काडी नाही.

"आज गवत खंय?" शेवंतीने विचारलं.

क्षमा पडवीत आली होती. केस ओलेच होते.

"आज गवत नाही, आई," ती म्हणाली. "आज तोच आलाय."

शेवंतीने सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि उठली. "मगे भायर कित्याक उभो?" ती म्हणाली. "घरात ये."